सिरीजमधले दोन बल्ब आणि माझं जर्नल

आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल. बोर्डावर 60 आणि 100 वॉटचे दोन पिवळे बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले, सप्लाय 230 व्होल्ट, करंट काढा. मी 60 भागिले 230 केलं, 100 भागिले 230 केलं, बेरीज मारली आणि जर्नलमध्ये 0.7 अँपिअर लिहून मोकळा झालो. अमीटरचा काटा 0.2 च्या जवळ. वर सरांना सांगितलं, मीटर खराब आहे. आजही आठवलं की कान तापतात.

बल्बवर छापलेला वॉट हा पूर्ण 230 व्होल्ट मिळाले तरचा. सिरीजमध्ये व्होल्टेज वाटलं जातं, दोघांतल्या एकालाही 230 मिळत नाही. मग छापलेला वॉट धरायचाच कशाला? परत सांगतो, कारण मी तीनदा ऐकूनही चुकलो होतो: वॉटवरून आधी रेझिस्टन्स काढा आणि मग तो वॉट विसरा. रेझिस्टन्स म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले वॉट. 230 चा वर्ग 52900. भागिले 60 म्हणजे 882 ओहम, भागिले 100 म्हणजे 529. बेरीज 1411. 230 भागिले 1411, करंट 0.163 अँपिअर, दोघांतून एकच. 60 वाल्यावर जवळपास 144 व्होल्ट पडतात, 100 वाल्यावर 86. म्हणून 60 वाला जास्त पेटतो आणि 100 वाला नुसता लालसर दिसतो.

मीटरवर 0.163 पेक्षा थोडा जास्त करंट दिसला तर घाबरू नका, गणित बरोबर आहे. फिलामेंट पुरती तापत नाही, त्यामुळे रेझिस्टन्स कमी राहतो. याच कारणाने रेझिस्टन्स मोजायला बल्ब काढून मल्टिमीटर लावू नका. थंड असताना 100 वॉटचा बल्ब 40 ओहमच्या आसपास दाखवतो. माझ्या पार्टनरने तेच आकडे घेतले, गणितात करंट दोन अँपिअरच्या वर गेला! एलईडी बल्बवर तर हे गणित करूच नका, आत ड्रायव्हर असतो, म्हणजे करंट सांभाळणारं सर्किट.

'सिरीजमध्ये कमी वॉटचा जास्त पेटतो' हे क्लासवाले घोकून घेतात. मला त्याचा राग आहे. 230 व्होल्टचा 60 वॉट आणि 110 व्होल्टचा 40 वॉट दिला की संपलं: दुसऱ्याचा रेझिस्टन्स फक्त 302 ओहम, कमी वॉटचा असून तोच मंद.

हे डोक्यात बसलं ते वर्गात नाही, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात. तिथले काका दुरुस्त केलेला मिक्सर थेट लाइनवर कधीच लावायचे नाहीत, आधी 100 वॉटच्या बल्बच्या सिरीज बोर्डावर. वाइंडिंग शॉर्ट असेल तर मिक्सरचा रेझिस्टन्स जवळजवळ शून्य, सगळे 230 बल्बवर, बल्ब भक्क. "बल्ब बघ, मिक्सरकडे काय बघतोस," म्हणायचे. दहावी नापास माणूस, पण व्होल्टेज कसं वाटलं जातं ते आमच्या अख्ख्या बॅचपेक्षा त्यांना जास्त कळत होतं.