आठ-दहा वर्षं आरोग्यात काम केलंय? मग हम्फ्री फेलोशिपचा अर्ज असा भरा

आरोग्य खात्यात नाहीतर एखाद्या संस्थेत आठ-दहा वर्षं राबलेल्या माणसापुढे फेलोशिपचं नाव काढलं की तो म्हणतो, आता काय, ते पंचविशीतल्या पोरांचं काम. मला हे ऐकून फार वाईट वाटतं, कारण ह्युबर्ट हम्फ्री फेलोशिप मुळात अशा मधल्या टप्प्यावरच्या लोकांसाठीच आहे. 1978 मध्ये जिमी कार्टर अध्यक्ष असताना ती सुरू झाली, पैसा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा, आणि भारतातले अर्ज यूएसआयईएफ, म्हणजे भारत-अमेरिका शैक्षणिक देवाणघेवाण बघणारी संस्था, घेते. साधारण दहा महिने अमेरिकेत राहायचं, विद्यापीठात आपल्या कामाचे कोर्स करायचे आणि किमान सहा आठवडे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करायचं. डिग्री मात्र मिळत नाही, हे आधीच घरी सांगून ठेवा. डिग्रीच हवी असेल तर फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिप बघा, तिथे तीन वर्षांचा अनुभव लागतो. आणि संशोधनाचा एकच प्रश्न घेऊन बसायचं असेल तर हार्वर्डचा ताकेमी प्रोग्रॅम आहे, 1983 पासून चालू.

सगळ्यात आधी त्या वर्षाची जाहिरात यूएसआयईएफच्या साइटवर शोधा. निधी सरकारी आहे, त्यामुळे मागच्या वर्षीच्या तारखा धरून बसू नका. मग पात्रता तपासा: पदवी, त्यानंतर पूर्णवेळ कामाची किमान पाच वर्षं, आणि अमेरिकेत आधी फारसं राहिलेलं नसणं. नुसतं कॉलेजात शिकवत असाल आणि कारभाराची कुठलीच जबाबदारी नसेल तर इथे वेळ घालवू नका.

आता खरं काम, म्हणजे निबंध. इथेच आपली माणसं मार खातात. बीडकडच्या माझ्या एका मैत्रिणीचा पहिला ड्राफ्ट मी वाचला तेव्हा त्यात होतं, "आमच्या केंद्राने विविध शिबिरे आयोजित केली, जनजागृती करण्यात आली". पानभर असंच, आणि त्यात ती स्वतः कुठेच नाही! मी तिला म्हटलं, अगं, तुला रात्री झोप लागू न देणारी गोष्ट कुठली ते सांग. तेव्हा ती बोलायला लागली की दिवाळीच्या आसपास टीबीची ट्रीटमेंट कार्डं एकेक करून कोरी पडायला लागतात, कारण माणसं कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे ऊसतोडीला गेलेली असतात, गोळ्या मध्येच सुटतात, आणि तिकडच्या दवाखान्याला हा पेशंट आलाय याचा पत्ताच नसतो. मग तिने मुकादमांचे नंबर गोळा करून कार्डाच्या मागे लिहायला सुरुवात केली आणि स्वतः तिकडच्या तालुक्याला फोन लावले. म्हटलं, हाच तुझा निबंध. "आम्ही"च्या जागी "मी" घाल, काय अडलं, तू काय ठरवलं, काय जमलं नाही, सगळं लिही.

त्याला जोडूनच पुढचा भाग येतो: तिथे जाऊन नेमकं काय शिकणार? विद्यापीठ आपण निवडत नाही, ते नेमून देतात, पण सार्वजनिक आरोग्यातले फेलो बरीच वर्षं अटलांटाच्या एमरी विद्यापीठात जात आलेत आणि सीडीसीचं, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचं, मुख्यालय अगदी त्याच्या शेजारी आहे. त्यामुळे "जागतिक आरोग्य समजून घ्यायचंय" असं मोघम लिहू नका, स्थलांतर करणाऱ्या पेशंटची नोंद एका ठिकाणाहून दुसरीकडे कशी पोचवतात ते बघायचंय असं लिहा. आणि परत आल्यावर काय करणार तेही तेवढंच ठोस असू द्या. डॉ. अभय आणि राणी बंग 1984 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून शिकून परत आले, गडचिरोलीत गेले, आणि गावातल्याच बाईला शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं त्यांचं काम 1999 मध्ये लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. सगळ्यांना एवढं मोठं जमणार नाही, पण परतीचा पत्ता एवढा स्पष्ट पाहिजे.

शिफारसपत्र मोठ्या साहेबाचंच हवं असं काही नाही. तुमचं काम रोज बघणाऱ्या वरिष्ठांचं घ्या, त्यांना तुमचा निबंध आधी वाचायला द्या आणि पत्रासाठी निदान महिनाभराचा वेळ हातात ठेवा.

सरकारी नोकरी असेल तर परवानगीची फाइल अर्जाच्या कितीतरी आधी हलवा. माझ्या ओळखीतल्या एकाची फाइल तीन टेबलांवर फिरत राहिली आणि मुदत निघून गेली, बिचारा ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होता. अर्ज दिल्याची पोच घ्या, आवक नंबर लिहून ठेवा.

मुलाखतीत इंग्रजी झकपक नसलं तरी चालतं, पण आपलंच काम सांगताना अडखळू नका. घरच्या कुणालातरी समोर बसवून पाच मिनिटांत सांगायची प्रॅक्टिस करा, त्यांना कळलं नाही तर पुन्हा सांगा.

पैशांचं म्हणाल तर फी, विमानाचं तिकीट आणि दरमहा खर्चाची रक्कम फेलोला मिळते, कुटुंबाचा खर्च मात्र आपला आपण करायचा. व्हिसा जे-1, म्हणजे देवाणघेवाणीवर येणाऱ्यांचा, असतो, तिथल्या नियमाप्रमाणे परत आल्यावर दोन वर्षं मायदेशात काढल्याशिवाय तिकडे कायमचं राहायचा किंवा एच-1बी नोकरीचा व्हिसा मिळत नाही. तेव्हा लहान मुलं किंवा म्हातारे आईवडील असतील तर ते दहा महिने कोण बघणार, हे फॉर्म उघडायच्या आधी घरात बसून ठरवा.