नवजात बाळांवरील शोधनिबंध कसा वाचावा

बाळ मुदतीआधी जन्मले आणि त्याला काचेत ठेवावे लागले, की घरातले कोणी ना कोणी मोबाईलवर शोधाशोध सुरू करते आणि दोनच दिवसांत एखाद्या नव्या उपचाराची बातमी डॉक्टरांपुढे धरली जाते. त्यात गैर काही नाही. मात्र ज्या शोधनिबंधावरून ती बातमी बेतलेली असते, त्याचा सारांश बहुधा विनामूल्य मिळतो आणि पानभरापेक्षा मोठा नसतो. तेव्हा बातमीवर थांबण्यापेक्षा तो सारांशच उघडावा. तो कोणत्या क्रमाने वाचावा, हे तीन खऱ्या चाचण्या समोर ठेवून पाहू.

सारांशाच्या तळाशी निष्कर्ष असतो. तो झाकून ठेवावा आणि आधी ही बाळे कोणती होती, कोठली होती आणि किती दिवसांची होती, एवढेच शोधावे. जन्मतः न रडलेल्या, मेंदूला प्राणवायू कमी पडलेल्या बाळाचे शरीर ७२ तास साडेतेहेतीस अंशांपर्यंत थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत चाचण्यांतून सिद्ध झालेला आहे आणि तेथे तो रूढ आहे. तोच उपचार भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील सात मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर तपासला गेला. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयही त्यांत होते. ‘हेलिक्स’ नावाच्या या चाचणीचे निकाल २०२१ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, तेव्हा मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व यांत काहीच घट दिसली नाही, उलट थंड ठेवलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३१ टक्के. म्हणजे शंभर बाळांमागे अकरा मृत्यू अधिक. यंत्रे जुनाट होती म्हणावे, तर तसेही नव्हते. तापमान आपोआप राखणारी उपकरणेच वापरली होती. असे का झाले आणि निवडक बाळांना हा उपचार आपल्याकडे द्यावा की नाही, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. आपल्यापुरता बोध इतकाच की ‘परदेशात सिद्ध झाले आहे’ हे वाक्य कानी पडताच कोणत्या बाळांवर, हा प्रश्न आधी विचारावा.

यानंतर तुलना कोणाशी केली, ते पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने घाना, भारत, मलावी, नायजेरिया व टांझानिया येथील पाच रुग्णालयांत कांगारू केअरची, म्हणजे कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरण्याची, एक चाचणी झाली. भारतातील केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. २०२१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १००० ते १७९९ ग्रॅम वजनाची ३२११ बाळे होती. दुसऱ्या गटाला कांगारू केअर मिळालीच नाही, असा समज सहज होतो आणि तो चुकीचा आहे. त्या गटालाही ती मिळत होती, पण बाळ स्थिरावल्यावर. पहिल्या गटात बाळाला जन्मानंतर लगेच आईच्या, किंवा तिच्या जागी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या, उघड्या छातीशी ठेवले गेले. अतिदक्षता विभागात एका गटाला दिवसाकाठी सुमारे १७ तास असा स्पर्श मिळाला, तर दुसऱ्याला दीड तास. शिवाय पहिल्या गटात आईची खाट बाळाबरोबर विभागातच होती. त्यामुळे गुण छातीशी धरण्याचा किती आणि आई चोवीस तास जवळ असण्याचा किती, हे या चाचणीतून वेगळे काढता येत नाही. माझ्या मते ही तिची उणीव नव्हे, पण ‘आमच्या रुग्णालयातही कांगारू केअर देतात’ असे कोणी म्हणाले, तर दिवसाला किती तास, हे जरूर विचारावे.

आता याच चाचणीचे आकडे हाती घेऊ, कारण गफलत येथेच होते. पहिल्या २८ दिवसांत लगेच कांगारू केअर मिळालेल्या १५९६ बाळांपैकी १९१ दगावली, म्हणजे १२ टक्के. दुसऱ्या गटातील १५८७ पैकी २४९, म्हणजे १५.७ टक्के. बारा भागिले पंधरा पूर्णांक सात केले, की मृत्यू सुमारे पाव हिश्श्याने घटल्याचे दिसते आणि मथळ्यात ‘२५ टक्के घट’ हेच येते. वजाबाकी केली, तर फरक ३.७ इतका निघतो. शंभराला ३.७ ने भागले, तर उत्तर २७ येते: अशा २७ बाळांना लगेच कांगारू केअर दिली, तर एक जीव अधिक वाचतो. दोन्ही आकडे खरेच आहेत, पण कागदावर ही वजाबाकी स्वतः करून पाहिल्याशिवाय मथळ्यातल्या टक्क्यांवर जाऊ नये.

आकड्याशेजारी एक पल्लाही छापलेला असतो, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांच्या दरम्यान असण्याची दाट शक्यता असते ती टोके. येथे मृत्यूच्या जोखमीचे गुणोत्तर ०.७५ असून त्याचा पल्ला ०.६४ ते ०.८९ आहे. गुणोत्तर १ असेल, तर दोन्ही गट सारखे. पल्ला पूर्णपणे १ च्या खाली असल्याने हा फरक केवळ योगायोगाचा असण्याची शक्यता फार कमी. पण त्याच चाचणीत पहिल्या ७२ तासांतील मृत्यूंचा पल्ला ०.५८ ते १.०४ होता. तो १ ला ओलांडतो, म्हणून पहिल्या तीन दिवसांपुरते लाभ सिद्ध झाला, असे म्हणता येत नाही. ही चाचणी ठरल्याआधी थांबवली गेली, कारण फायदा दिसत असताना दुसऱ्या गटाला त्यापासून दूर ठेवणे योग्य नव्हते. आधी थांबवलेल्या चाचण्यांत लाभ कधीकधी प्रत्यक्षाहून मोठा दिसतो, हेही ध्यानात असावे.

तिसरी चाचणी ओडिशातील खेड्यांमधली. ४५५६ नवजात बाळांपैकी निम्म्यांना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लांटेरम हा उपकारक जिवाणू त्याच्या पोषक साखरेसह तोंडावाटे दिला गेला. ‘सेप्सिस (शरीरभर पसरणारा गंभीर जंतुसंसर्ग) किंवा मृत्यू’चे प्रमाण ९ वरून ५.४ टक्क्यांवर आले आणि २०१७ साली ‘नेचर’मध्ये हा निकाल छापून आला. येथे ‘किंवा’ या शब्दावर बोट ठेवावे. दोन गोष्टी एकत्र मोजल्या, की कोणती किती घटली हे वेगळे पाहावे लागते; या चाचणीतील घट मुख्यतः जंतुसंसर्गाची होती. शिवाय ही बाळे किमान २००० ग्रॅमची, निरोगी आणि आईचे दूध पिणारी होती. इंग्लंडमध्ये ३१ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या १३१५ बाळांपैकी सुमारे निम्म्यांना वेगळा जिवाणू दिला गेला, तेव्हा काहीही फायदा दिसला नाही, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना असे जिवाणू देण्याबाबत इशारा दिला. दुकानातील पुडीवर ‘प्रोबायोटिक’, म्हणजे उपकारक जिवाणू, असे लिहिलेले असले, म्हणून ती ओडिशातलीच पुडी ठरत नाही.

चाचणी आधी नोंदवली होती का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. भारतात औषधांच्या चाचण्यांची नोंदणी २००९ पासून बंधनकारक असून ती सर्वांना पाहता येते. नोंदणीत ठरवलेले मोजमाप आणि निबंधात ठळकपणे मांडलेले मोजमाप वेगळे दिसले, तर भुवया उंचवाव्यात. पैसा कोणी दिला, हे बहुधा निबंधाच्या शेवटी छापलेले असते.

एवढे करून डॉक्टरांकडे जाताना निबंधाची प्रत नेण्यापेक्षा एका कागदावर बाळाचे जन्मवजन, किती आठवड्यांनी जन्मले आणि आज कितवा दिवस आहे, हे लिहावे; त्याखाली चाचणीतल्या बाळांची तीच माहिती लिहावी. दोन्ही ओळी जुळत असतील, तर चर्चा तेथून सुरू होते. चालू असलेला उपचार मात्र या वाचनाच्या भरवशावर स्वतःहून बंद करू नये, आणि छातीशी धरण्याखेरीज दुसरे काही घरी सुरूही करू नये. छातीशी धरायचे, तेही परिचारिकेकडून एकदा नीट शिकून घेऊन: बाळाची मान एका बाजूला वळलेली, नाक मोकळे, अंगावर फक्त लंगोट आणि टोपी, आणि त्यावरून आईची ओढणी किंवा लुगड्याचे फडके घट्ट बांधलेले.