फुटाळ्याच्या काठावरून ताऱ्याचं अंतर

31 वर्षं मी जमिनीची मोजणी केली. धुऱ्यावरून भांडणारे दोन भाऊ आणि मधे भरलेला नाला असला की पलीकडच्या पळसापर्यंत साखळी पोचत नाही. मग अलीकडे एक पायारेषा नीट मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून पळस पाहायचा आणि कोन घ्यायचे. ताऱ्याचं अंतरही असंच काढतात. नातीला ते पटावं म्हणून मी तिला नागपूरच्या फुटाळा तलावावर नेलं. तुम्हीही करून पाहा.

आधी दोन बुबुळांमधलं अंतर मोजा. मग हात ताठ धरून डोळ्यापासून अंगठ्यापर्यंत सुतळी लावा. बहुतेकांचं प्रमाण एकास दहाच्या आसपास येतं. आता एक डोळा मिटून अंगठा पलीकडच्या काठावरल्या एखाद्या गाडीवर धरा. हात न हलवता डोळा बदला. अंगठा बाजूला उडी मारेल. समजा दहा गाड्यांची उडी. गाडी 4 मीटरची धरली तर 40 मीटर, त्याच्या दहापट 400, म्हणजे पलीकडचा काठ 400 मीटरवर. नातीचं उत्तर आधी फारच मोठं आलं, कारण कोपर वाकलं होतं. अंगठा जवळ आला की उडी वाढते.

ताऱ्यांसाठी दोन डोळ्यांमधली ही पायारेषा फार तोकडी. म्हणून आज फोटो घ्यायचा आणि सहा महिन्यांनी पुन्हा. तोवर पृथ्वी 30 कोटी किलोमीटर पलीकडे गेलेली असते. मागच्या दूरच्या ताऱ्यांसमोर जवळचा तारा सरकलेला दिसतो. त्या कोनाचा निम्मा भाग म्हणजे पराशय. 1838 मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलनं हंस तारकासमूहातल्या 61 क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय मोजला. आजचा आकडा 0.286 विकला; एका अंशात 3600 विकला. 1 ला 0.286 नं भागा, 3.5 पार्सेक (ज्याचा पराशय 1 विकला, तो तारा 1 पार्सेकवर). त्याला 3.26 नं गुणा, 11.4 प्रकाशवर्षं. इतका बारीक कोन बेसेलनं त्या काळी पकडला, याचं मला मोजणीदार म्हणून आजही अप्रूप वाटतं.

दूरच्या दीर्घिकांसाठी हा कोन फारच बारीक होतो. तिथे सेफीड तारे, म्हणजे ठरावीक काळानं तेज कमी-जास्त होणारे तारे, लागतात. 1912 मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांनी दाखवलं की सेफीड जितका तेजस्वी, तितकं त्याचं कमी-जास्त होणं सावकाश. खरं तेज कळलं की दिसणाऱ्या तेजावरून अंतर निघतं: दुप्पट लांब, तर चौथाई उजेड. मात्र त्या नियमाला आकडे बसवायला जवळच्या सेफीडांचे पराशयच लागतात.

हंस ऑक्टोबरात रात्री आठला उत्तरेकडे उंच असतो. शहराच्या उजेडात 61 साठी दुर्बीण हवी, आणि तिपाईही. हात स्थिर नसला की त्या जोडताऱ्याचे दोन नारिंगी ठिपके वेगळे दिसत नाहीत.