स्पोर्ट्‌स कार ट्रॅक डेसाठी कशी तयार करावी: आधी ब्रेक, शेवटी इंजिन

रस्त्यावर गाडी कितीही रेटली तरी तिला मध्येमध्ये दम घ्यायला मिळतो. सिग्नल लागतो, पुढे ट्रक येतो, वळणं संपून सरळ रस्ता लागतो. ट्रॅकवर तो विसावा नाही. वीस मिनिटांच्या सत्रात गाडी एक तर पूर्ण ॲक्सिलरेटरवर असते, नाही तर कडक ब्रेकवर, नाही तर टायर किंचाळेपर्यंत वळणात. कंपनीतून निघालेल्या स्पोर्ट्‌स कारच्या इंजिनाची ताकद यासाठी बहुधा पुरते. अपुरी पडते ती उष्णता बाहेर टाकण्याची सोय. म्हणून गाडी ट्रॅकसाठी तयार करताना मी प्रत्येक कामाआधी एकच प्रश्न विचारतो: इथली उष्णता जाणार कुठे? कामांचा क्रम त्या उत्तरावरून लागतो आणि पॉवर वाढवणं त्यात तळाशी जातं.

ट्रॅक डे म्हणजे आपली गाडी बंद रेसट्रॅकवर चालवायचा दिवस, शर्यत नव्हे. इथे नंबर लागत नाहीत, आणि ओव्हरटेक आयोजकांनी ठरवून दिलेल्या जागी, पुढच्याने वाट दिल्यावरच करायचा असतो. त्यामुळे शर्यतीच्या नियमावलीतली प्रत्येक गोष्ट तुम्हाला लागू होत नाही. एक निर्णय मात्र पहिला पाना हातात घेण्याआधी घ्या: ही गाडी पुढेही रस्त्यावर चालणार, की ट्रेलरवर चढवून ट्रॅकवर न्यायची? पुढे मी धरून चाललो आहे की गाडी स्वतःच्या चाकांवर ट्रॅकला जाते आणि संध्याकाळी तशीच घरी परतते.

पहिली पायरी: आहे त्या गाडीची तपासणी

नवा भाग आणण्याआधी गाडी जॅकवर नीट उचला, खाली स्टँड लावा आणि एकेक चाक दोन्ही हातांनी वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून पाहा. खेळ जाणवला तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा स्टिअरिंगचा जोड गेलेला असू शकतो. सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश फाटलेत का, ब्रेकचे होज चिरलेत का, कुठे तेल पाझरतं का, हेही बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं, कडक झालेलं रबर ट्रॅकवर नेऊ नका.

विम्याची कागदपत्रंही याच वेळी वाचून काढा. नेहमीच्या वाहन विम्यात ट्रॅकवरचं नुकसान बहुतेकदा धरलेलं नसतं.

दुसरी पायरी: ब्रेक

बाकी सगळं राहिलं तरी चालेल, हे राहून चालणार नाही. एक साधा हिशेब करू. १२०० किलोची गाडी ताशी १८० किलोमीटरवरून ७२ वर आणायची आहे. तिची सुमारे साडेबारा लाख ज्यूल गतिज ऊर्जा कुठेतरी जायला हवी. थोडी हवेच्या रोधात जाते, उरलेली जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. एवढ्या उष्णतेत चार लिटर पाणी साध्या तापमानावरून उकळीला येईल. हे घडतं तीन-चार सेकंदांत, त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर पडतो, आणि दीड-दोन मिनिटांनी पुढच्या लॅपला त्याच जागी पुन्हा तेच.

सुरुवात ब्रेक ऑइलपासून करा, कारण खर्चाच्या मानाने एवढा फायदा दुसऱ्या कशातच नाही. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरत जातो. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असा दंडक आहे. पाणी मुरलेल्या अवस्थेत तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट तळाला टेकतं. माझ्या पहिल्याच ट्रॅक डेला चौथ्या लॅपला पेडल असंच मऊ झालं होतं. पुढचं वळण मोकळं होतं आणि बाहेर रेतीची पट्टी होती, म्हणून गाडी आणि मी दोघं सलामत राहिलो. तेव्हापासून दर ट्रॅक डेआधी ब्रेक ऑइल बदलायचं, हा नियम मी मोडलेला नाही. ट्रॅकसाठी ३०० अंशांपुढे उत्कलनबिंदू असलेलं रेसिंगचं डॉट ४ घ्या. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं. नावावरून ते वरच्या दर्जाचं वाटतं, पण ते ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये मिसळायचं नसतं. डॉट ५.१ वेगळं, ते ग्लायकॉलचंच.

मग पॅड. रस्त्यावरचे पॅड थंड असतानाही पकडतात, आवाज करत नाहीत, धूळ कमी सोडतात. या गुणांच्या बदल्यात ते फार तापले की पकड सोडतात: पेडल दगडासारखं घट्ट, आणि गाडी थांबत नाही. मऊ पेडल म्हणजे ऑइल उकळलं, घट्ट पेडल असूनही गाडी धावतेय म्हणजे पॅड हरले. हा फरक पायाला कळायला हवा. ट्रॅकचे पॅड जास्त तापमान सोसतात, पण पहाटेच्या थंडीत पहिल्या दोन ब्रेकना कमी पकडतात आणि रस्त्यावर कर्कश ओरडतात. घरून ट्रॅकपर्यंत चालवत जाणार असाल तर रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी बनवलेले मधले पॅड घ्या, किंवा ट्रॅकवर पोचल्यावर पॅड बदला. नवे पॅड उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे डिस्कवर बसवून घ्यावे लागतात. पॅडचा थर डिस्कवर चढला नाही तर पुढे ब्रेक थरथरतात.

रबरी होजच्या जागी स्टीलची जाळी असलेले होज घाला. पेडल जास्त नेमकं लागतं. त्यानंतर हवा. पुढच्या बंपरमधून दोन-तीन इंच व्यासाची उष्णतारोधक नळी डिस्कच्या मध्यभागी सोडा. कडेला नको, मध्यभागीच, कारण हवेशीर डिस्क आतून हवा ओढते आणि कडेने बाहेर फेकते. मोठे कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारे भाग, दिसायला छान असतात, पण ऑइल, पॅड आणि हवा एवढं करूनही ब्रेक तापत राहिले तरच त्यांच्याकडे वळा. एबीएस काढू नका.

तिसरी पायरी: टायर आणि चाकांचा कोन

पहिल्या दोन-तीन ट्रॅक डेला चांगले रस्त्याचे टायरच ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे. ते पकड सोडण्याआधी आवाज करून सांगतात, आणि शिकणाऱ्याला त्या सूचनेची गरज असते. चिकट सेमी-स्लिक, म्हणजे उथळ नक्षीचे ट्रॅकचे टायर, जास्त वेगापर्यंत धरून ठेवतात. पण पकड वाढली की ब्रेकवरचा, बेअरिंगवरचा आणि इंजिनातल्या तेलावरचा ताणही वाढतो. शिवाय उथळ नक्षीमुळे भरलेल्या पाण्यात ते धोक्याचे असतात.

हवेचा दाब गरम टायरवर मोजायचा. २५ अंशांना २८ पीएसआय भरलेल्या टायरमधली हवा ७० अंशांवर गेली की दाब ३४ च्या पुढे जातो. म्हणून निघताना हवा कमी ठेवतात आणि सत्र संपवून आत आल्याबरोबर, टायर निवायच्या आत, मोजून जास्तीची सोडतात. चारही चाकांचे आकडे वहीत लिहा. टायरच्या खांद्यावर खडूने रेघ मारून ती कुठपर्यंत घासली गेली ते पाहणं ही जुनी युक्ती अजूनही कामाची आहे.

कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, हा मला या सगळ्यातला सर्वात समाधान देणारा बदल वाटतो. वळणात गाडी बाहेर झुकते आणि तिच्याबरोबर बाहेरचं चाकही. सगळा भार टायरच्या बाहेरच्या कडेवर येऊन ती कड एका दिवसात सोलली जाते. पुढच्या चाकांना उणे अडीच ते तीन अंश कॅम्बर दिला की वळणात टायर जमिनीवर सपाट बसतो. रस्त्यावर याची किंमत आतली कड लवकर झिजण्यात मोजावी लागते. टो, म्हणजे वरून पाहता चाकांचा आत-बाहेर कल, मात्र शून्याच्या आसपास ठेवा, नाही तर झीज दुप्पट वेगाने होते.

चौथी पायरी: इंजिनाचं तेल आणि पाणी

एक ‘जी’, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढ्या, बलाने गाडी वळली की सम्पमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातल्या, तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. लांबलचक वळणात तेल एका बाजूला चढून बसतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते, आणि तेवढ्या क्षणात बेअरिंग कोरडी पडतात. तेलाची पातळी वरच्या खुणेला ठेवा, आणि दर सत्रानंतर दांडी ओढून बघा. तुमच्या मॉडेलसाठी सम्पमध्ये बसवायचे आडवे पडदे, म्हणजे बॅफल, मिळत असतील तर टायर बदलण्याआधी ते बसवा. तेलाचं तापमान दाखवणारा मीटर लावा. १३० अंश ओलांडायला लागले की ऑइल कूलरची वेळ आली. थर्मोस्टॅट असलेला कूलर घ्या, नाही तर रस्त्यावर तेल धड तापतच नाही आणि त्यात जमलेलं पाणी उडून जात नाही.

कूलंटबद्दल आयोजकांना आधी विचारा. काही ठिकाणी ग्लायकॉल चालत नाही, कारण ते सांडलं की डांबर साबणासारखं निसरडं होतं. तिथे शुद्ध पाणी आणि गंजरोधक वापरतात. थंडीत पाणी गोठणारी जागा असेल तर घरी परतल्यावर पुन्हा अँटिफ्रीझ भरायला विसरू नका.

पाचवी पायरी: माणसाला धरून ठेवणं

बकेट सीट (शरीराला दोन्ही बाजूंनी धरणारी), हार्नेस (अनेक पट्ट्यांचा सीटबेल्ट) आणि रोल बार हे एकाच निर्णयाचे तीन भाग आहेत. तिन्ही एकदम करा, किंवा कंपनीचा पट्टा आणि कंपनीची सीट तशीच राहू द्या. गाडी उलटून छत चेपलं तर साध्या पट्ट्यात माणूस बाजूला वाकू शकतो. हार्नेसमध्ये तो ताठ जखडलेला असतो, म्हणून वर छत तोलणारा पोलादी बार लागतोच. हार्नेस सहा टोकांचा घ्या. मांड्यांमधून जाणारे पट्टे नसले तर धडकेत शरीर कमरपट्ट्याखालून घसरतं. खांद्याचे पट्टे मागे जवळपास आडवे, किंचित उतरते जायला हवेत. ते थेट मागच्या फरशीला बांधले तर धडकेत मणक्यावर खालच्या दिशेने दाब येतो. सीटवर एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटनेचं ८८५५-१९९९ आणि हार्नेसवर ८८५३-२०१६ हे मानक बघा, आणि मुदतही.

पूर्ण रोल केजबद्दल, म्हणजे माणसाभोवतीच्या पोलादी पिंजऱ्याबद्दल, मात्र सावध करतो. डोक्याजवळचा पोलादी पाइप हेल्मेट घातलेल्या माणसासाठी संरक्षण असतो. रस्त्यावर बिनहेल्मेटच्या डोक्यासाठी तोच पाइप घातक ठरतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत सीटमागचा अर्धा रोल बारच ठेवा, आणि डोकं लागू शकेल तिथे घट्ट फोमचं आवरण चढवा.

हेल्मेट मोटरसायकलचं नको. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल संस्थेच्या एसए२०२० सारख्या कारच्या मानकात आतलं अस्तर आग रोखणारं असतं आणि रोल बारवर आपटण्याची वेगळी चाचणी केलेली असते. मोटरसायकलच्या ‘एम’ मानकात या दोन्ही गोष्टी नाहीत.

सहावी पायरी: वजन

वजन घटलं की ब्रेक, टायर आणि इंजिन तिघांचाही भार एकदम उतरतो, आणि यातलं बरंचसं काम फुकटात होतं. स्टेपनी, जॅक, मागची सीट, डिकीतला गालिचा काढा. फरशीवरचा डांबरी थर काढायचा असेल तर त्यावर ड्राय आइस पसरतात. उणे ७८ अंशांना थर ठिसूळ होतो आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याने तुकडे पडतात. जाड हातमोजे घाला आणि सगळी दारं सताड उघडी ठेवा. बंद गॅरेजमध्ये साठणारा कार्बन डायऑक्साइड जीव घेऊ शकतो.

एअरबॅगच्या वायरला हात लावण्याआधी बॅटरी काढा, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा, आणि शंका असेल तर ते काम जाणकाराकडे सोपवा. वायपर, काचेवरची वाफ घालवणारा ब्लोअर आणि दिवे काढू नका. पावसात ट्रॅकवर उभं राहिल्यावर त्यांची आठवण येते.

सस्पेन्शन आणि इंजिन

गाडी फार खाली आणू नका. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर एकाच खांबात असलेलं सस्पेन्शन) असेल तर गाडी खाली येते त्याहून झपाट्याने रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू, खाली सरकतं, आणि गाडी उलट जास्त झुकू पाहते. २०-२५ मिलिमीटर पुष्कळ झाले. जुने बुश आणि दमलेले शॉक अ‍ॅब्झॉर्बर बदलल्यावर बऱ्याच गाड्यांना पुढे काही लागत नाही. इंजिनाची पॉवर वाढवायची तर वरच्या सगळ्या पायऱ्या पुन्हा तपासाव्या लागतील, म्हणून तो विचार दुसऱ्या वर्षावर टाका.

ट्रॅकवरचा दिवस

पोचल्यावर चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासा, आणि पहिल्या सत्रानंतर चाकं निवली की पुन्हा. सुट्या वस्तू सगळ्या बाहेर काढा, पायाखालची चटईसुद्धा. गाडी ओढून न्यायचा टो हुक लावून ठेवा. पहिलं सत्र प्रशिक्षक शेजारी बसवून करा. सत्राचा शेवटचा लॅप ब्रेक न वापरता हळू घ्या, म्हणजे वाऱ्याने डिस्क निवतील. आत येऊन थांबलात की हँडब्रेक ओढू नका. तापलेला पॅड तापलेल्या डिस्कला एकाच जागी चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली ठोकळा लावा.

घरी निघण्याआधी पॅडची जाडी मोजा. निम्म्याहून कमी उरली असेल तर पुढच्या ट्रॅक डेसाठी नवे पॅड आजच मागवा. वहीत तारीख, हवामान, गरम टायरचे आकडे, तेलाचं सर्वाधिक तापमान लिहा. पुढच्या वेळेपर्यंत त्या पानावरून दिसणारा एकच बदल करा, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल.