किडनीला अचानक इजा झाली की आतडं कसं सांभाळावं

किडनी अचानक मंदावली की रक्तात युरिया साठतो आणि आतड्यातही उतरतो. तिथले काही जिवाणू त्याचा अमोनिया करतात. आतड्याचं अस्तर त्याने कमकुवत होतं, जिवाणूंचे अंश रक्तात शिरतात आणि दाह वाढून किडनी आणखी बिघडते. हे चक्र जिथे शक्य तिथे तोडायचं.

आधी लघवी मोजा. खुणांचं भांडं घ्या, वेळ लिहून ठेवा. 60 किलोच्या माणसाला 6 तासांत 180 मिलिलिटरपेक्षा कमी झाली तर थेट रुग्णालय गाठा. जुना रिपोर्ट सोबत न्याच: क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ घटक) 48 तासांत डेसिलिटरमागे 0.3 मिलिग्रॅमने वाढलं तरी ती इजा धरतात, मग आजचा आकडा ‘नॉर्मल’ का असेना.

जुलाबांमुळे पाणी कमी पडलं असेल तर ओआरएसचं अख्खं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात एकदमच विरघळवा. अंदाजाने चिमूट-चिमूट टाकलं की द्रावण घट्ट होतं आणि जुलाब वाढतात. मात्र लघवी जवळजवळ बंद असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजत राहू नका. पाणी आणि पोटॅशियम अंगातच साचतं.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही वेदनाशामकं पूर्ण बंद. त्यांनी किडनीचा रक्तपुरवठा घटतो. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या थांबवायच्या का, हे त्याच दिवशी विचारा. पुन्हा कधी सुरू करायच्या तेही विचारून घ्या, कारण नेमकं तेच राहून जातं. जुलाबात रक्त असेल तर मनाने अँटिबायोटिक किंवा जुलाब थांबवणारी गोळी नको. काही ई. कोलाय जिवाणूंच्या संसर्गात त्यांनी किडनीचा धोका वाढू शकतो.

बद्धकोष्ठाकडे फार दुर्लक्ष होतं. मळ रेंगाळला की जिवाणू प्रथिनं कुजवतात. त्यातून तयार होणारं इंडॉक्सिल सल्फेट हे विषारी द्रव्य बाहेर टाकायचं काम शेवटी आजारी किडनीवरच पडतं. मॅग्नेशियम किंवा फॉस्फेट असलेलं रेचक मात्र टाळा, ती क्षारं रक्तात धोकादायक पातळीला जातात. लॅक्टुलोज (मळ मऊ करणारं औषध) चालेल का, विचारा.

तंतुमय आहारातून जिवाणू ॲसिटेटसारखी आम्लं बनवतात, आणि उंदरांमध्ये त्यांनी किडनीची इजा कमी झालेली दिसली आहे. तरी फळं, कडधान्यं वाढवायची ती पोटॅशियमचा रिपोर्ट पाहूनच. प्रोबायोटिकच्या (जिवंत ‘चांगल्या’ जिवाणूंच्या औषधांच्या) भरवशावर तर राहूच नका: माणसांत पुरेसा पुरावा नाही, आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या किंवा मोठ्या शिरेत नळी असलेल्या रुग्णाच्या रक्तात तेच जिवाणू संसर्ग करू शकतात.