काळ्या मातीत पिवळा पडलेला एक्झोरा

कुंडीतलं एक्झोराचं फुलझाड पिवळं पडलं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, अन् खालची जुनी पानं ठणठणीत असतील तर समजायचं, लोह कमी पडतंय. नत्र कमी असेल तर आधी खालची पानं पिवळी पडतात. हे न पाहताच युरिया, म्हणजे नत्राचं खत दिलं, वाया गेलं.

कुंडीत वावरातली माती होती. ढेकळावर व्हिनेगर टाकलं तर फसफसलं, म्हणजे चुनखडी. त्यात बोअरचं जड पाणी. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. एक्झोराला आम्लधर्मी माती लागते.

माती बदलली: 2 भाग लाल माती, 1 भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, 1 भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). सोबत 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट (लोहाचा क्षार) अन् 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, 10 दिवसांच्या अंतरानं 3 फवारण्या, त्याही संध्याकाळीच. मे महिन्यात दुपारी फवारलं की पानं करपतात. द्रावण ताजंच हवं. तांबूस झालं की फेकायचं. फरशीवर सांडू नका, डाग जाता जात नाही.

नवी पालवी हिरवी आली. आधीच पिवळी पडलेली पानं पिवळीच राहिली. आता पावसाळ्यात छपराचं पाणी पिंपात धरतो, तेच एक्झोराला.