क्रूझच्या बंदरावर टूर घ्यावी की स्वतः फिरावं, हे कसं ठरवायचं

क्रूझचं बुकिंग झालं की जहाज कंपनीच्या टूर्सची लांबलचक यादी येते आणि बहुतेक जण किमती बघायला लागतात. त्याआधी वेळेचा हिशोब मांडा. हातात खरे तास किती उरतात हे कळल्याशिवाय टूर महाग की स्वस्त हे सांगताच येत नाही. हा हिशोब प्रत्येक बंदरासाठी वेगळा करा. ‘आम्ही कधीच टूर घेत नाही’ किंवा ‘सगळीकडे टूरच बरी’ असं सरसकट ठरवलं, तर एखाद्या तरी बंदराचा दिवस हातचा जातो.

खरे तास कसे काढायचे

समजा, जहाज सकाळी ८ ला लागतं आणि संध्याकाळी ६ ला सुटतं. कागदावर हे १० तास झाले. पण स्थानिक परवानगी मिळून लोक उतरायला लागेपर्यंत अर्धा तास सहज जातो. ‘ऑल अबोर्ड’, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतायची वेळ, सुटण्याच्या निदान अर्धा तास आधीची असते, काही ठिकाणी तासभर आधीची. त्याच्याही आधी स्वतःसाठी मोकळा वेळ राखून ठेवा: चालत फिरण्याजोगं गाव असेल तर १ तास, बस किंवा ट्रेनवर अवलंबून असाल तर २ तास. म्हणजे साडेआठ ते साडेतीन, ७ तास उरले. त्यातून जाण्यायेण्याचा वेळ वजा करा. उरलेला वेळ प्रवासाच्या वेळेपेक्षा कमी निघाला, तर स्वतः जायचा बेत सोडून द्या.

यात एक गोष्ट हमखास चुकते, ती म्हणजे घड्याळ. काही जहाजं किनाऱ्यावरची वेळ पाळतात, काही आपलीच वेळ चालू ठेवतात. मोबाइल मात्र किनाऱ्यावरच्या टॉवरची वेळ आपोआप घेतो आणि तासाचा फरक पडला तरी ते ध्यानात येत नाही. उतरताना दाराशी लावलेल्या फलकावरच्या वेळेचा फोटो काढा आणि एक साधं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून मनगटावर ठेवा.

बंदर आणि शहर एकच आहे का

कार्यक्रमात ‘रोम’ लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं चिविताव्हेक्कियाला, रोमपासून ७० किलोमीटरहून जास्त लांब. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, सुमारे ९० किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल आव्र, जवळपास २०० किलोमीटर. ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडे, तेही २०० च्या वर. याउलट कोटोरला धक्क्यावरून उतरलं की समोरच जुन्या शहराची तटबंदी, आणि व्हॅलेटामध्ये बंदराजवळच्या उंच लिफ्टनं थेट गावात. अशा ठिकाणी बसमधून हिंडवणारी टूर घेणं म्हणजे पैसे देऊन वेळ घालवणं. डुब्रोव्हनिकचं ग्रुझ बंदर जुन्या शहरापासून सुमारे ३ किलोमीटरवर आहे; बस मिळते, टूरची गरज नाही. पिरेयसहून अथेन्सला मेट्रो जाते, पण जहाजाच्या धक्क्यापासून स्टेशनपर्यंतची वीस-पंचवीस मिनिटांची चाल हिशोबात धरा.

लांबच्या बंदरांतही फरक आहे. चिविताव्हेक्कियाहून रोमला साध्या ट्रेननं सव्वा तासाच्या आसपास लागतो आणि गाड्या दिवसभर असतात. एखादी चुकली तर पुढची मिळते, त्यामुळे रोम स्वतः करता येतं. मात्र रेल्वेचा संप नाही ना, हे आधी पाहून घ्या. इटलीत ते अधूनमधून होतात आणि सहसा आधी जाहीर केलेले असतात. ल आव्रहून पॅरिसला एका बाजूलाच दोन तासांच्या वर जातात. तिथे जहाजाच्या बसशिवाय जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उशीर झाला तर कोण थांबतं

जहाज कंपनीची टूर रस्त्यात अडकली, तर जहाज तिची वाट बघतं, नाही तर प्रवाशांना पुढच्या बंदरावर पोचवायची सोय कंपनी करते. टूरच्या जादा किमतीतला खरा मोबदला हाच आहे. स्वतः गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. बाहेरचे टूरवाले ‘वेळेवर जहाजावर पोचवण्याची हमी’ देतात, ती नीट वाचा. सहसा तिचा अर्थ एवढाच, की जहाज चुकलं तर पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च ते देतील.

जहाज चुकलंच तर सगळ्यात आधी पोर्ट एजंटला, म्हणजे जहाज कंपनीच्या त्या बंदरावरच्या प्रतिनिधीला गाठायचं. त्याचं नाव आणि फोन नंबर रोजच्या छापील कार्यक्रमात असतो. सकाळी त्याचा फोटो काढून ठेवा. बरोबर पासपोर्टची प्रत, क्रेडिट कार्ड आणि दोन दिवसांची औषधं असू द्या. आणखी एक: पुढचं बंदर दुसऱ्या देशात असेल तर विमानानं तिथे उतरायला वेगळा व्हिसा लागू शकतो. तो नसेल तर तिकिटाचे पैसे असूनही पुढे जाता येत नाही.

जहाज धक्क्याला लागत नसेल तर

काही बंदरांत जहाज बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या टेंडर बोटींनी लोकांना किनाऱ्यावर नेतात. तिथे जहाजाच्या टूरवाल्यांना आधी उतरवतात. बाकीच्यांना नंबर घेऊन थांबावं लागतं. सकाळचा तासभर यातच जातो.

सँटोरिनी हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. स्वतः फिरणाऱ्यांना टेंडर जुन्या बंदरावर, सरळसोट कड्याच्या पायथ्याशी सोडते. वर ‘फिरा’ नावाच्या गावात जायला तीनच वाटा: केबल कार, खेचर किंवा जवळपास ६०० पायऱ्या. केबल कारच्या एका खेपेत जेमतेम ३६ माणसं जातात, आणि दुपारी दोन-तीन जहाजांचे लोक एकाच वेळी परत निघतात. रांग गल्लीत वळून दूरवर जाते. शेवटच्या टेंडरच्या निदान दोन तास आधी रांगेत उभे राहा, नाही तर पायऱ्या उतरायची तयारी ठेवा. त्यावर खेचरांची लीद असते आणि गुळगुळीत दगडांवरून पाय सटकतो, म्हणून चपला नकोत. जहाजाच्या टूरला बऱ्याचदा दुसऱ्या बंदरावर उतरवून बसनं वर नेतात, म्हणजे जातानाची रांग टळते. परतताना मात्र त्यांनाही अनेकदा केबल कारपाशीच सोडतात. हे टूरच्या वर्णनात तपासा.

टूरचं वर्णन कसं वाचायचं

‘पॅनोरॅमिक’ लिहिलं असेल तर ठिकाणं बसच्या खिडकीतून दिसणार. ‘प्रवेश समाविष्ट’ नसेल तर इमारतीबाहेर उभं राहून माहिती ऐकायची. ‘सात तास’ यात जहाजाच्या थिएटरमध्ये जमणं, बस भरणं, जेवण आणि दुकानातला थांबाही येतो. पाहण्याच्या वेळेचा आकडा वेगळा विचारा. पूर्ण बस म्हणजे चाळीसेक माणसं, आणि वेग सगळ्यात सावकाश चालणाऱ्याचा.

यादीत खाली एक साधा पर्याय असतो, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: फक्त जाण्यायेण्याची बस, गाईडशिवाय. लांबच्या शहरासाठी आमची पहिली पसंती यालाच. उशीर झाला तर जबाबदारी जहाजाची, आणि शहरात तुम्ही मोकळे. चौघं असाल तर ड्रायव्हरसह गाडीचा भावही काढून बघा. टूरचा दर माणशी असतो, गाडीचा एकत्र.

तिकिटं आणि सुट्टीचे वार

पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, फ्लॉरेन्सचं उफिझी सोमवारी, व्हॅटिकन संग्रहालय महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बाकी रविवारी बंद. स्पेनमधल्या मालागाहून ग्रॅनाडाचा अल्हांब्रा राजवाडा बघायचा तर नावानिशी तिकीट लागतं आणि ते बरंच आधी संपतं. मिळालं नाही तर जहाजाची टूर बघा, त्यांच्याकडे गटासाठी राखीव तिकिटं असू शकतात. वाऱ्यामुळे जहाजानं बंदर टाळलं, तर जहाजाच्या टूरचे पैसे परत मिळतात. बाहेर काढलेली तिकिटं बहुधा बुडतात. टेंडरच्या बंदरांत हा धोका जास्त, म्हणून तिथे परतावा न मिळणारं काहीही घेऊ नका.

बुकिंगचा क्रमही ठरवून घ्या. जहाजाच्या बऱ्याच टूर्स एक-दोन दिवस आधीपर्यंत पैसे न कापता रद्द करता येतात. नेमकी मुदत कंपनीच्या अटींत वाचून घ्या आणि मोजक्याच जागा असलेली टूर आधी धरून ठेवा. मग निवांतपणे ट्रेनच्या वेळा, तिकिटं आणि अंतरं तपासा. स्वतः जाणं जमतंय असं दिसलं, की मुदतीच्या आत टूर रद्द करा.